जुने यंत्र आणि नवे बेअरिंग
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपली ज्ञाती पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांवर जगली. ऐरण, भाता, वाकस आणि रंधा यांच्या जोडीला पुढे लेथ आणि ड्रिल यंत्रे आपल्या कारखान्यांत आली. आज अनेक घरांत आजोबांच्या काळातील असे एखादे यंत्र गोणपाटाखाली पडून असते आणि अखेर भंगाराच्या भावाने विकले जाते. कारण विचारावे तर उत्तर येते, "बेअरिंग गेले, आता मिळत नाही." या उत्तराची शहानिशा केल्यावाचून कोणी आपले यंत्र काट्यावर चढवू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

बिडाचा सांगाडा पिढ्या पाहतो. बेअरिंग हा मात्र झिजल्यावर बदलण्यासाठीच योजिलेला भाग होय. प्रथम पाहावे की, आत गोळ्यांचे बेअरिंग आहे की नुसते बुश. कित्येक जुन्या लेथांचा मुख्य दंड गनमेटलच्या अथवा व्हाइट मेटलच्या बुशात फिरतो. असे बुश बहुधा तयार मिळत नाही. ते ओतून, कातून त्या दंडाच्या मापानेच करावे लागते, आणि ही तर आपल्या हातची विद्या आहे.

गोळ्यांचे बेअरिंग असल्यास त्याच्या कडीवर क्रमांक कोरलेला असतो. ६२०४ हा क्रमांक घ्या. ६ म्हणजे एकेरी ओळीचे, खोल खाचेचे बेअरिंग. २ ही मापांची मालिका. आणि ०४ ला पाचांनी गुणले की आतल्या छिद्राचे माप मिळते, २० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४. ही मापे जगभर एकच असल्यामुळे परदेशात बसविलेल्या बेअरिंगची जागा आज जयपूरला किंवा चिंचवडला तयार झालेले बेअरिंग घेऊ शकते.

क्रमांक पुसला असेल तर व्हर्नियरने छिद्र, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजावी. मापे केवळ जुन्या बेअरिंगची घेऊन थांबू नये. दंड आणि बेअरिंगचे घर हीदेखील मोजावी, कारण पूर्वी कोणी भलतेच बेअरिंग ठोकून बसविलेले असू शकते. इंग्लंडहून आलेल्या जुन्या यंत्रांत पुष्कळदा इंची मापे आढळतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तर ६२०५ चे छिद्र २५ मिलिमीटर. फरक अवघा ०.४ मिलिमीटरचा, म्हणून दंडच थोडा कातून घेण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. कातलेला दंड पूर्ववत होत नाही, आणि बाहेरचे मापही जुळत नसल्याने घरातही ठिगळ लावावे लागते. आर. एल. एस. ८ या क्रमांकाचे एक इंच छिद्राचे आणि सव्वादोन इंच व्यासाचे बेअरिंग आजही बनते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात चिकाटीने चौकशी करावी.

आणखी दोन सूचना. लेथच्या मुख्य दंडास अधिक अचूक बेअरिंग लागते. मूळ क्रमांकापुढे पी ५ अशी खूण असल्यास तीही जुळवावी. नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली मालही विकला जातो, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह खरेदी करावी. दंडावर घट्ट बसणारे बेअरिंग चढविताना दाब आतल्या कडीवरच द्यावा. बाहेरच्या कडीवर मारलेला हातोडा गोळ्यांतून खाचेवर उमटतो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी कुरकुरू लागते.

माझी विनंती अशी की, प्रत्येक कारखान्यात यंत्रागणिक एक वही असावी. कोणत्या जागी कोणते बेअरिंग, ते केव्हा बदलले, हे तीत लिहावे. वडिलांनी सांगावे आणि मुलामुलींनी लिहावे. आज ही माहिती पुष्कळ घरांत एकाच वृद्ध माणसाच्या स्मरणात आहे. ती त्याच्यासवे गेली, तर चांगले यंत्रही मुक्याने भंगारात जाईल.