स्त्रियांचे स्वातंत्र्य आणि सातबाराचा उतारा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील महिला अधिवेशनात दिलेले भाषण)



महिला अधिवेशनात बोलण्यासाठी मजसारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास पाचारण करण्यात आले, याचे प्रथम मलाच आश्चर्य वाटले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात खेड्यापाड्यांतील शाळांत घालविलेला मनुष्य. पांडित्य माझ्यापाशी नाही. परंतु गावातील एक वस्तू शाळामास्तराला इतरांपेक्षा अधिक जवळून पाहावयास मिळते, ती म्हणजे कागद. दाखले, अर्ज, मतदारयाद्या, जनगणनेची पत्रके हे सारे आम्हां शिक्षकांच्या हातून जाते. ह्या कागदांवर स्त्रीचे नाव कोठे असते आणि कोठे नसते, एवढ्याच बाबीसंबंधी मी आज बोलणार आहे. थोर स्त्रियांची नामावळी वाचून आरंभ करण्याचा आपल्या सभांचा प्रघात आहे. त्या सर्वांविषयी पूर्ण आदर बाळगून तो प्रघात मी आज मोडतो.

मताचा हक्क आणि मालमत्ता यांचा संबंध फार जुना आहे. १९२१ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून मतदारयादीतून वगळणारी अट काढून टाकली. त्या काळच्या मानाने हे पाऊल मोठेच होते. परंतु मत मिळावयाचे ते मालमत्ता बाळगणारास वा कर भरणारास. आणि स्वतःच्या नावाने सारा भरणारी स्त्री हजारांत किती असणार? पुढे १९३५ च्या कायद्याने साक्षर स्त्रियांना, तसेच ठराविक मालमत्ता असणारांच्या पत्नींना व विधवांना मताधिकार दिला. म्हणजे शेत पतीचे आणि त्याच्या आधारे मत पत्नीला! सर्व प्रौढांना सरसकट मत मिळाले ते स्वतंत्र भारताच्या घटनेने. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असता, मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढेच सांगितले. स्वतःचे नाव सांगितले नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद त्यामुळे रद्द करावी लागली.

आता आपल्या गावाकडे येऊ. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात येऊन देशभर एक तृतीयांश जागा आल्या, आणि २०११ मध्ये आपल्या राज्याने हे प्रमाण निम्म्यावर नेले. इतक्या थोड्या काळात इतका मोठा फरक कायद्याने क्वचितच घडविला असेल. १९९५ च्या सुमारास मी ज्या गावी होतो तेथे स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनासाठी सरपंचबाई आल्या. खुर्ची एकच मांडली होती, तीवर त्यांचे यजमान बसले. बाई मुलींच्या रांगेशेजारी उभ्या राहिल्या आणि दोरी ओढण्यापुरत्या पुढे आल्या. 'सरपंचपती' हा शब्द कोशात नसेल, परंतु पंचायत समितीच्या कचेरीत तो शिपायालाही ठाऊक असतो. मात्र त्याच बाईंनी दुसऱ्या वर्षी शाळेच्या गळक्या खोलीच्या दुरुस्तीचा ठराव स्वतः मांडला, चार पुरुष सभासदांचा विरोध असता मंजूर करून घेतला, आणि कौले उतरविली जात असता त्या स्वतः येऊन उभ्या राहिल्या. बायकांना कारभार जमत नाही असे जे म्हणतात, त्यांनी माझ्या मते कारभार करणारी बाई नीटशी पाहिलेलीच नसते.

मग अडते कोठे? जळगाव जिल्ह्यातील विचखेडा ह्या गावचे प्रकरण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे २०२१ मध्ये राखीव जागेवरून एक भगिनी सरपंच म्हणून निवडून आल्या. काही गावकऱ्यांनी तक्रार केली की, त्या सासूसमवेत सरकारी जमिनीवर बांधलेल्या घरात राहतात, सबब त्या अपात्र आहेत. आपण पती व मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरविले, आयुक्तांनी तो निर्णय कायम केला, आणि उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना पदावर पुन्हा बसविले, आणि एक स्त्री सरपंच व्हावी हेच गावकऱ्यांना पचले नाही अशा अर्थाचे स्पष्ट मत नोंदविले. पाहा, अतिक्रमणाचा ठपका स्त्रीच्या माथी येण्यास सासूचे घर पुरेसे होते. परंतु हक्काचे घर दाखवा म्हटले, तर स्वतःच्या नावाचा उतारा आपल्यापैकी किती भगिनी दाखवू शकतील?

आपल्या राज्यातील राजकारणाची वाट कोठून जाते, हे आपण सारे जाणतो. ती गावच्या विविध कार्यकारी सोसायटीपासून निघते. तेथून बाजार समिती, साखर कारखाना, जिल्हा बँक, आणि मग विधानसभा. सोसायटीचा सभासद व्हावयाचे तर सातबारावर नाव लागते. कारखान्याचा ऊस-उत्पादक सभासद व्हावयाचे तरी शेतच लागते. ज्या बाईने आयुष्यभर ऊस खुरपला, बांधला, वाढे डोक्यावर वाहून आणले, ती ह्या निवडणुकांत मतदारसुद्धा नसते. संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन राखीव जागा असतात खऱ्या, परंतु त्या बहुधा कोणाच्या तरी सूनबाईकडे जातात, याचे कारणही हेच. विधानसभेच्या २८८ जागांपैकी २०१९ आणि २०२४ ह्या दोन्ही निवडणुकांत स्त्रियांची संख्या पंचवीसदेखील नव्हती. लोकसभा व विधानसभा यांत एक तृतीयांश जागा राखणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली. जागा मिळतील, परंतु त्यांवर बसणाऱ्या स्त्रीच्या पायाखाली स्वतःची जमीन असावी की नसावी, हे दिल्लीत ठरत नाही, आपल्या ओसरीवर ठरते.

आणि येथे मला आपल्या मनास थोडे लागेल असे बोलावे लागणार आहे. वारसाचा कायदा आज मुलीच्या विरुद्ध नाही. हिंदू कोड बिल रखडल्यामुळे डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्या घटनेस आता सत्तर वर्षे उलटून गेली. १९५६ च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत हिस्सा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. ती उणीव २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने भरून काढली. आणि २००५ साली वडील हयात असणे जरूर नाही, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

तर मग आपल्या घरांतून घडते काय? वडील वारतात. तेरावा होतो. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो. तेथे मुलींची नावे द्यावीच लागतात, परंतु पुष्कळदा ती कब्जेदारांच्या रकान्यात न लागता 'इतर अधिकार' ह्या रकान्यात जाऊन बसतात. पुढे दिवाळीला किंवा एखाद्या कार्याला बहिणी माहेरी आल्या म्हणजे भाऊ सांगतो, उद्या जरा तालुक्याला जाऊन यावयाचे आहे. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत छायाचित्र निघते, अंगठा उमटतो, सही होते. राजीखुशीने आणि कोणत्याही दडपणाविना हक्क सोडीत असल्याचे दस्तात लिहिलेले असते. परतताना कापडदुकानात साडी घेतली जाते. फेरफार मंजूर होतो, आणि ज्या घरात मुलगी जन्मली त्या घराच्या कागदावरून तिचे नाव कायमचे जाते.

मी साक्षरतेच्या वर्गात रात्री कंदिलाच्या उजेडात स्त्रियांना सही शिकविली आहे. पाटीवर आपले नाव प्रथमच उमटलेले पाहून त्यांना होणारा आनंद मी विसरू शकत नाही. त्यांतील काहींच्या आयुष्यातली महत्त्वाची अशी पहिली सही ह्याच हक्कसोडपत्रावर झाली.

भावाची बाजू मी जाणत नाही असे नाही. जमीन थोडी, तिचे आणखी तुकडे पडले तर कोणाचेच भागत नाही. आईवडिलांचे म्हातारपण आपणच काढले. बहिणीच्या लग्नाला कर्ज काढले, हे तो सांगतो आणि त्यात तथ्यही असते. बहिणीलाही वाटते, हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. परंतु नाव ठेवणे म्हणजे शेत तोडून देणे नव्हे. जमीन भावानेच कसावी, खंड किंवा वाटा ठरवावा, आणि उताऱ्यावर बहिणीचे नाव राहू द्यावे. उद्या ती विधवा झाली वा नवऱ्याने टाकली आणि परत आली, तर भावजयीच्या दयेवर न राहता स्वतःच्या हिश्शावर ती उभी राहील. ज्यांच्या लग्नात कर्ज झाले त्यांनी एवढेच आठवावे की, तो खर्च करावयास बहिणीने सांगितले नव्हते. आपल्या ज्ञातीच्या रीतीने सांगितले होते.

पत्नीच्या बाबतीत तर मार्ग याहून सुलभ आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ चालविली. पतीने आपल्या जमिनीचा तुकडा आपण होऊन पत्नीच्या नावे करावा, एवढीच मागणी होती, आणि शेकडो गावांतून सामान्य शेतकऱ्यांनी ती मानली. मघा उल्लेखिलेल्या जळगाव जिल्ह्यातच विटनेर म्हणून गाव आहे. तेथे १९८९ मध्ये ग्रामपंचायतीत सगळ्या स्त्रियाच निवडून आल्या आणि जमिनीही स्त्रियांच्या नावे झाल्या. एकाच जिल्ह्यातील ही दोन गावे! पतीने अर्ज केल्यास त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावावे, असे परिपत्रक राज्य शासनाने १९९२ साली काढले. आपल्यापैकी किती बंधूंनी असा अर्ज दिला असेल? हात वर करावयास मी सांगत नाही.

शेती नसणाऱ्या भगिनींसाठी माणदेशातील म्हसवडचे उदाहरण सांगतो. तेथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने मजूर व किरकोळ विक्री करणाऱ्या स्त्रियांनी स्वतःची बँक काढावयाचे ठरविले. अनेक प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. ह्या बायका लिहावयास शिकल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या, आणि कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुम्ही यंत्रावर पडताळून पाहा, असे त्यांनी अधिकाऱ्यांस सांगितल्याची हकीकत सिन्हा यांनी अनेक व्याख्यानांतून सांगितली आहे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे एक अडचण अशी निघाली की, काही स्त्रियांना पासबुक घरी नेणे नको असे. नवऱ्याच्या दृष्टीस पडले की पैसे जात. शहरात नोकरी करणाऱ्या आपल्या सुशिक्षित भगिनींनी ह्याला हसू नये. पगार खात्यात जमा होतो आणि कार्ड यजमानांच्या खिशात असते, अशी घरे आपल्या ज्ञातीत मला माहीत आहेत.

आता आपल्या संस्थेविषयी. आपल्या घटनेप्रमाणे सभासदत्व कुटुंबप्रमुखाचे असते आणि कुटुंबास एक मत असते. कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, असे घटनेत कोठेही लिहिलेले नाही; परंतु मतदारयादी पाहिली तर तिच्यात ज्या थोड्या स्त्रिया आहेत त्या सर्व विधवा आहेत. म्हणजे पती हयात असेतोवर आपल्याकडे स्त्रीला मत नाही. १९३५ चा कायदासुद्धा पत्नीला याहून अधिक देत होता! कुटुंबसूचीत मुलीचे नाव लग्नानंतर माहेरच्या पानावरून गळते आणि सासरच्या पानावर 'सौ.' एवढ्या अक्षरानंतर नव्याच नावाने येते. महिला विभाग आहे, तो हळदीकुंकू व बक्षीससमारंभ उत्तम करतो. परंतु संस्थेची तिजोरी, वसतिगृहाचा हिशेब आणि शिष्यवृत्तीची निवड ह्यांत आजवर एकही भगिनी नाही.

म्हणून मी कार्यकारी मंडळाकडे एक ठराव दिला आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक ज्ञातिजनास, स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र सभासदत्व व मत असावे. विवाहित कन्येचे नाव माहेरच्या पानावर कायम राहावे. खजिनदाराचे पद एका मुदतीआड भगिनीकडे जावे. आणि आपल्यातील वकील मंडळींनी महिन्यातील एका रविवारी संस्थेच्या कार्यालयात बसून, हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणींना त्यातील मजकूर मराठीत समजावून सांगावा. हा शेवटचा भाग काही बंधूंना रुचणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्यापैकी दोघांनी तसे मला प्रवेशद्वारापाशी सांगितलेही. ठरावावर सतरा सह्या झाल्या आहेत, त्यांतील अकरा भगिनींच्या आहेत. चालू घटनेप्रमाणे त्या अकरा सह्या धरावयाच्या किंवा नाही, याचा निर्णय अध्यक्षांनी उद्याच्या सर्वसाधारण सभेच्या आरंभीच द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.