माणूस टिकतो कशाने?



येथे इंदुरात आपल्या सभासदांत दुकानदार, छापखानेवाले, लहान कारखानदार पुष्कळ आहेत. त्यांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते: "दोन वर्षे काम शिकवावे, आणि हाताशी आला की गडी शेजारी जातो!" शेजारी चार पैसे अधिक देतो, हे खरे. पण सारेच पैशासाठी जातात, असे आम्हांस वाटत नाही.

नागपूरची एम्प्रेस मिल घ्या. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. मजूर वारंवार गैरहजर राहत. दंडाची वाट सोडून हजेरीबद्दल बक्षिसे सुरू झाली, आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंडही. त्याविषयी सरकारी कायदा व्हायला १९५२ साल उजाडले!

नोकराला आजच्या पगाराहून उद्याची धास्ती अधिक छळते. पगार सात तारखेला होणार की वीस, हे ज्याला ठाऊक नाही, तो दुसरीकडे चौकशी करणारच. आणि गिऱ्हाइकांदेखत ज्याचा पाणउतारा होतो, तो पगार वाढवूनही थांबत नाही. (गिऱ्हाइकाला 'या, बसा' आणि जुन्या मुनिमाला 'अरे, ऊठ', हे कापडबाजारात कोणी पाहिले नाही?)

पगाराचा दिवस पक्का असावा. वाढ केव्हा व किती, हे कामावर घेतानाच सांगावे. जुन्या माणसाकडे थोडा अधिकारही सोपवावा. आणि जाणाऱ्याचा हिशेब त्याच दिवशी चुकता करावा. अडवलेल्या पगाराची गोष्ट बाजारभर होते, आणि नवा माणूस दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच ती ऐकून आलेला असतो.