अंगणासाठी कण्हेर की मेंदी?

कमी पाण्यावर तग धरणारे झुडूप अंगणात लावायचे म्हटले की तेल्हाऱ्यात दोन नावे सहज पुढे येतात: कण्हेर आणि मेंदी. दोन्ही वैशाखाचे ऊन सोसतात, दोन्ही फांदी खोचून लावता येतात. पण घराच्या झाडाची पारख केवळ त्याच्या चिवटपणावर करू नये. ते झाड वर्षानुवर्षे छाटावे लागते आणि छाटलेल्या फांद्यांचे काय होते, यावर निवड ठरावी, असे माझे मत आहे. त्या कसोटीवर मी मेंदीच्या बाजूचा आहे, मात्र एका अटीवर.

कण्हेरीचा मोठेपणा आधी मान्य केला पाहिजे. तिच्या पानाची रंध्रे खालच्या बाजूच्या लवदार खळग्यांत दडलेली असतात, म्हणून कोरड्या वाऱ्यातही पान लवकर सुकत नाही आणि झाड बारा महिने हिरवे राहते. शिवाय तिला क्षार सोसतो, आणि आपल्या तालुक्यात हा गुण फार मोलाचा आहे. उत्तरेला, वारी भैरवगडच्या बाजूला, सातपुड्याचा पायथा आहे. तिथून दक्षिणेला पूर्णा नदीकडे यावे तसा खारपाणपट्टा लागतो. तिथल्या भूजलातील सोडियममुळे चिकणमातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही आणि जमीन ओली असूनही मुळांना ओल ओढता येत नाही. मेंदी थोडा क्षार सोसते, पण इथे कण्हेरीची बरोबरी तिला जमणार नाही. म्हणूनच अट अशी: ज्या घरी खाऱ्या विहिरीशिवाय दुसरे पाणी नाही, तिथे कण्हेरच लावावी, पण बाहेरच्या हद्दीवर, गोठ्यापासून लांब.

लांब का, तर कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. तिच्यातील ओलिअँड्रिन हृदयाची लय बिघडवते. यावर कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या कण्हेर दारात आहे, तिची फुले महादेवाला वाहतो, कुणाचे काय बिघडले? आक्षेप रास्त आहे. फूल खुडल्याने काही होत नाही, आणि हिरवे पान कडू असल्याने जनावर सहसा तोंड लावत नाही. खरा धोका छाटणीनंतरचा आहे. पान वाळले तरी विष जात नाही, आणि कुटारात मिसळलेले वाळके पान बकरीला वेगळे काढता येत नाही. त्या काड्या चुलीतही घालू नयेत, धूर बाधतो. मेंदीची छाटणी मात्र घराच्या कामी येते: पाने वाळवून वाटली की हातांना आणि केसांना रंग.

मेंदी उन्हाळ्यात उघडी पडते, कुंपण विरळ दिसते, हे खरे. पण पाने गाळून ती पाणी वाचवते आणि मृगाच्या सरींनंतर पुन्हा फुटते. तिच्या बारीक फुलांना कण्हेरीचा रंग नाही, सुगंध मात्र अंगणभर जातो; माझ्या लेखी तो रंगापेक्षा मोठा आहे. ज्या घरी वान धरणाचे गोडे पाणी नळाने येते, तिथे तांदूळ-भाजी धुतलेले पाणी तिला घालावे. साबणाचे नको, त्यातही सोडियम असतो. काळी जमीन पावसाळ्यात चिभडते, म्हणून रोपे खड्ड्यात न लावता वरंब्यावर, फुटाफुटावर लावावीत आणि पहिल्याच वर्षी शेंडे खुडावेत, म्हणजे कुंपण बुडापासून दाट होते.