वकिली व्यवसाय आणि मध्यम मार्ग
(सोसायटीच्या विद्यार्थी मेळाव्यात अंधेरी येथे केलेले भाषण)



मी वकील नाही, बँकेतला एक कारकून आहे. तरी वकिलीवर बोलायला उभा राहिलो, त्याला कारण आहे. आपल्या वस्तीतला मुलगा एलएल.बी. होतो, सनद घेतो, तेव्हा आपण त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. पण दोन वर्षांनी त्याचे काय चालले आहे, हे कोणी विचारत नाही. माझा भाचा अंधेरी कोर्टात वकिली करू लागला. सकाळी साडेसातला घर सोडायचा, रात्री अकराला परतायचा. हाती येई ते गाडीभाडे आणि जेवणातच संपे. वडील आजारी असताना त्यांच्या उशाशी बसायला त्याला एक दुपार मिळाली नाही. दीड वर्षाने काळा कोट खुंटीला टांगला आणि त्याने नोकरी धरली. त्याची बुद्धी कमी पडली नाही. त्याला वाट दाखवणारे कोणी नव्हते.

परमपूज्य बाबासाहेब ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन १९२३ साली मुंबईस परतले, तेव्हा सनदेसाठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते. ते त्यांचे मित्र नवल भथेना यांनी दिले. अस्पृश्य वकिलाकडे बडे अशील येत नसत. म्हणून १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी संसाराला हातभार लावला. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकरांच्या बाजूने ते उभे राहिले आणि १९२६ च्या ऑक्टोबरात जिंकले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचा लाडका राजरत्न गेला होता. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत माता रमाईंनी काय सोसले असेल, याचा विचार करा. बाबासाहेबांनी ही किंमत मोजली ती आपल्यासाठी. आपल्या मुलांनी तीच पुन्हा मोजावी, असे आपण म्हणणार का?

भगवान बुद्धांचा सोण नावाचा भिक्खू पूर्वी वीणा वाजवत असे. अतिश्रमाने तो निराश झाला, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्याच तारेची आठवण दिली. फार ताणली तर सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. वकिलीतही हेच खरे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन व्यवसायाला आणि चौथा संकटासाठी शिल्लक. माझ्या काउंटरवर मी रोज पाहतो, चौथा भाग नसलेला माणूस पहिल्या आजारपणातच कोसळतो.

तेव्हा तरुण वकिलांना माझ्या चार विनंत्या आहेत. अशिलाच्या पैशांचा हिशेब स्वतःच्या पैशांपासून वेगळा ठेवा. बार कौन्सिलचा नियमही अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवायला सांगतो. फी आणि खर्च पहिल्याच भेटीत लिहून द्या. एका विषयात, मग तो भाडेकरूंचा असो, कामगारांचा असो की चेक परत गेल्याचा, पक्के व्हा. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ घरच्यांना द्या. ती तारीख कोर्टाच्या तारखेइतकीच पाळा.

आपले हक्कही माहीत असू द्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सनदेच्या नोंदणीसाठी सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपये, याहून अधिक फी घेता येणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरातील ज्युनिअरला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती सक्तीची नाही. पण मागायला आधार आहे.

शेवटी सोसायटीला एक सूचना. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर अनुभवी वकिलांनी नव्या वकिलांजवळ बसावे. अर्ज कसा लिहावा, उलटतपासणीची तयारी कशी करावी, थकल्यावर काय करावे, हे सारे तिथे बोलले जावे. सत्काराच्या शालीचे पैसे वाचवून कायद्याची पुस्तके घ्यावीत. त्या पुस्तकांचा जमाखर्च मी विनामूल्य ठेवीन.

भथेनांनी एका वकिलाला वेळेवर हात दिला. त्या एका हाताचे ऋण आपल्या सर्वांवर आहे. ते फेडण्याची संधी आपल्याच वस्तीत आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!