अनुकरण : आधी कोणाचे?



बालविकासावरील पुस्तके मराठीत आणताना एक वाक्य माझ्या लेखणीखालून अनेकदा गेले आहे : नवजात अर्भक मोठ्यांच्या चेहऱ्यावरील हालचालींचे अनुकरण करते. त्याला आधार होता मेल्टझॉफ आणि मूर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा. १२ ते २१ दिवसांच्या अर्भकांसमोर त्यांनी जीभ बाहेर काढली, तोंड उघडले. अर्भकांनीही तसेच केले, असे त्यांना आढळले. पुढे ऑस्ट्रेलियात शंभराहून अधिक बालकांना पहिल्या ९ आठवड्यांत चार वेळा तपासण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांत असे अनुकरण दिसून आले नाही. बाळ जीभ बाहेर काढते खरे, पण समोरच्याने दुसरेच काही केले तरीही काढते. हा वाद मिटलेला नाही. ते वाक्य मात्र मी आता पूर्वीइतक्या निःशंकपणे लिहिणार नाही.

या वादामुळे माझे लक्ष एका साध्या गोष्टीकडे वळले. घरात आधी अनुकरण कोण करते? बाळ हुंकार देते आणि आई तोच स्वर परत करते. बाळ ओठांचा चंबू करते, की आजीच्याही ओठांचा चंबू होतो. आपण याला लाड म्हणतो. परंतु आपण काढलेला स्वर दुसऱ्याच्या मुखातून परत येतो, आणि तो आला की पुन्हा आपली पाळी, हा संभाषणाचा पहिला पाठ बाळाला येथेच मिळतो.

पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ सालचा अभ्यास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. ९ महिन्यांच्या अमेरिकी बालकांशी चिनी भाषिक व्यक्ती खेळत, बोलत, तेव्हा त्या भाषेतील ध्वनिभेद बालकांना ओळखता येऊ लागले. तसेच बोलणे पडद्यावरून ऐकविले, तेव्हा काहीच पदरात पडले नाही. पडदा बाळाच्या हुंकारासाठी थांबत नाही, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते. मूल बोलू लागावे म्हणून त्याच्या हाती मोबाईल देणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

मराठीत 'नक्कल' या शब्दाला थट्टेची आणि खोटेपणाची छटा आहे; म्हणून अनुवादात मी तो टाळते. तो किती अपुरा आहे, हे पियाजे यांच्या मुलीच्या उदाहरणावरून कळते. जॅकलीन तेव्हा १६ महिन्यांची होती. घरी आलेल्या एका लहान मुलाने कठड्याच्या खेळघरातून बाहेर पडण्यासाठी आकांत मांडला. तो किंचाळला, पाय आपटू लागला. असा प्रकार तिने कधी पाहिला नव्हता. ती स्तब्ध होऊन पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच खेळघरात ती स्वतः ओरडली, ते हलवू लागली, आणि तिने पाय आपटले, पण हलकेच. हे 'हलकेच' महत्त्वाचे आहे. तिला राग आलेला नव्हता. कालचे दृश्य मनात साठवून, ते मूळ प्रसंगापासून वेगळे काढून, ती ते करून पाहत होती. समोर नसलेल्या गोष्टीला चिन्हाने उभे करण्याची हीच शक्ती पुढे शब्दाच्याही कामी येते, असे पियाजे यांचे मत होते.

बालवाडीत बाहुल्यांना ओळीने बसवून दटावणारी मुलगी आपल्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. तो स्वर कोणाचा, हे शिक्षिकेला ऐकताक्षणीच कळते.