आपल्या विहिरीतील नायट्रेट : कारण आणि निवारण



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी तळ्यात ओतल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. पुढे १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, हे आज शाळकरी मुलालाही कळते. मग पाणी खरोखर कशाने बिघडते? त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण म्हणजे शेणामुतातले, मैल्यातले आणि रासायनिक खतातले नत्र. हे नत्र जमिनीत मुरते, त्याचे नायट्रेट होते आणि ते विहिरीत उतरते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

तथागतांनी दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि त्याचा मार्ग या क्रमाने विचार करावयास शिकविले. त्याच क्रमाने आपण विहिरीच्या पाण्याकडे पाहू.

प्रथम दुःख. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी शेतावरील तान्ह्या मुलांचा एक आजार नोंदविला. ही मुले निळी पडत होती. त्यांचे वरचे दूध ज्या विहिरीच्या पाण्यात कालवले जाई, त्या पाण्यात नायट्रेट फार होते. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते. ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि मग ते रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला हा धोका सर्वांत अधिक, कारण बिघडलेले हिमोग्लोबिन पूर्ववत करणारी यंत्रणा त्याच्या शरीरात अजून पुरती तयार झालेली नसते. सावळ्या बाळाचा निळेपणा अंगावर चटकन दिसत नाही. ओठ, हिरड्या आणि नखे पाहावी लागतात. असे दिसल्यास अंगारा-धुपारा करीत बसू नका. बाळाला तत्काळ रुग्णालयात न्या आणि कोणते पाणी दिले ते डॉक्टरांना सांगा. यावर औषध आहे, परंतु वेळ महत्त्वाची आहे.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, आणि या मर्यादेत कोणतीही सूट नाही. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अहवालात २०२३ मधील नमुन्यांचे निष्कर्ष दिले आहेत. देशभरातील सुमारे पाचांपैकी एका नमुन्यात ही मर्यादा ओलांडलेली आढळली. अधिक बाधित जिल्ह्यांमध्ये आपल्या महाराष्ट्रातील वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, नांदेड, बीड आणि जळगाव यांची नावे आहेत. म्हणजे हा प्रश्न आयोवाचा राहिलेला नाही, तो आपल्या दारातला आहे.

आता कारण. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असते. या सर्वाचे नायट्रेट झाले तर ते सुमारे ९० किलो भरेल. त्याचा केवळ दहावा भाग, म्हणजे ९ किलो, भूजलात उतरला तरी दोन लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेच्या काठावर येते. हे साधे गणित आहे. पिकाने घेतले नाही ते नत्र पावसाबरोबर खाली जाते. दुसरे कारण संडासाचे शोषखड्डे, तिसरे उकिरडे आणि गोठे, चौथे उघडी गटारे. पुष्कळ गावांत आपली वस्ती गावकुसाबाहेर, उताराच्या बाजूला आहे. घरे दाटीची, अंगण लहान, त्यामुळे बोअर आणि शोषखड्डा शेजारी शेजारी येतात. मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून पाणी झिरपताना गाळ अडतो, परंतु नायट्रेट पाण्यात विरघळलेले असल्याने अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून नितळ दिसणारे आणि गोड लागणारे पाणीही दोषी असू शकते.

तिसरी गोष्ट निरोधाची, म्हणजे पाण्यातून नायट्रेट काढण्याची. येथे गैरसमज फार आहेत. पहिला गैरसमज उकळण्याचा. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र तेवढेच राहते आणि पाणी आटते. दहा लिटर पाण्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि उकळून आठ लिटर उरले, तर प्रमाण ७५ वर जाते. बाळासाठी म्हणून मुद्दाम पाणी आटविणारी माऊली अजाणतेपणी धोका वाढविते. तुरटी, जंतुनाशक पावडर, कापडाची गाळणी, कँडलचा फिल्टर, कोळशाचा फिल्टर, अतिनील किरणांचे यंत्र यांपैकी कशानेही नायट्रेट निघत नाही. साबणाला फेस यावा म्हणून बसवितात त्या सॉफ्टनरनेही नाही. ही साधने आपापल्या कामाला चांगली आहेत, पण हे काम त्यांचे नव्हे.

नायट्रेट काढणाऱ्या पद्धती मोजक्या आहेत. पहिली आर.ओ., म्हणजे पाणी दाबाने सूक्ष्म पडद्यातून ढकलणे. याने बहुतेक नायट्रेट निघते, परंतु पडदा जुना झाला की प्रमाण घसरते. काही यंत्रांत चव राखण्यासाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची चावी असते. ती उघडी असेल तर नायट्रेटही परत येते. विक्रेता दाखवितो तो टीडीएसचा आकडा सर्व क्षारांचा मिळून असतो, एकट्या नायट्रेटचा नव्हे. म्हणून यंत्रातून निघालेल्या पाण्याचीही प्रयोगशाळेत तपासणी करावी. टाकाऊ निघणाऱ्या पाण्यात नायट्रेट अधिक दाट असते. ते झाडांना घाला, फरशी पुसायला वापरा, पण विहिरीजवळ मुरवू नका. दुसरी पद्धत आयन-विनिमयाची. यात विशिष्ट रेझिनचे मणी नायट्रेट धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्याने ते पुन्हा कामास तयार करावे लागतात. त्यात कुचराई झाली तर धरलेले नायट्रेट एकदम पाण्यात सुटू शकते. तिसरी ऊर्ध्वपातनाची, पण तिला इंधन फार लागते. चौथा उपाय मिसळण्याचा. ९० मिलिग्रॅमच्या पाण्यात तितकेच स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी मिसळले तर प्रमाण ४५ च्या आसपास येते. मोठ्यांसाठी हा तात्पुरता मार्ग आहे, बाळासाठी नाही. अंघोळ आणि धुण्यासाठी नायट्रेट काढण्याची गरज नाही. पिणे आणि स्वयंपाक एवढ्यापुरते काही घागरी पाणी चांगले केले तरी पुरे.

शेवटी मार्ग. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर विसंबू नका, अनुभवाने पारखा, असा उपदेश केला आहे. आपल्या पूर्वापार विहिरीलाही तोच नियम लावू या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली गावातील महिलांना तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत जाऊन तो संच मागा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचवा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोनदा तपासणी करा. अहवाल वाचताना रकान्याचे शीर्षक आधी वाचा, ही आम्हा कारकुनांची सवय येथे उपयोगी पडते. 'नायट्रेट' असे लिहिले असेल तर मर्यादा ४५ आहे. 'नायट्रेट-नायट्रोजन' असे लिहिले असेल तर तीच मर्यादा सुमारे १० होते. तेथे २० आकडा पाहून कोणी निर्धास्त राहिला, तर तो दुप्पट नायट्रेटचे पाणी पीत राहील.

भगिनींना विशेष विनंती अशी की, पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्या. आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. वरचे दूध देणे भागच असेल तर तपासलेलेच पाणी वापरा. शेतकरी बांधवांनी युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने, पिकाच्या गरजेप्रमाणे द्यावा, आणि जोराच्या पावसाच्या तोंडावर टाकू नये. उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला हलवावा. नवी बोअर घेताना आधी शोषखड्डे कोठे आहेत ते पाहावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम आहे. वस्तीतील प्रत्येक विहीर, बोअर आणि हातपंप यांची यादी करा, नमुने द्या आणि आकडे बुद्धविहाराच्या फलकावर लावा. ज्या घरात तान्हे बाळ किंवा गरोदर भगिनी आहे, तेथून सुरुवात करा. आकडा जास्त निघाला तर अहवालाची प्रत जोडून ग्रामपंचायतीकडे सुरक्षित पाण्याची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. घरोघरी यंत्र घेणे प्रत्येकाला परवडणार नाही. सुरक्षित पाणी पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते मागण्याचा धडा महाडने आपल्याला घालून दिला आहे. प्राणिमात्रांची हिंसा करणार नाही, हे शील आपण रोज ग्रहण करतो. न दिसणाऱ्या विषापासून तान्ह्या जिवाला वाचविणे, हे त्याच शीलाचे आचरण होय.