खोडदची दुर्बीण आणि तेथील नोकऱ्या



शास्त्रीय संशोधनसंस्था म्हटली कीं, तेथें सारे प्रकांड पंडितच बसत असतील, आपल्या मुलाचें तेथें काय काम, असा समज पालकवर्गांत फार रूढ आहे. त्याची शहानिशा करावयाची असेल तर पुण्याहून नाशिकच्या वाटेनें नारायणगांवास जावें व तेथून खोडदकडे वळावें.

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें येथें रेडिओ दुर्बीण उभारली. २००१ सालीं तिचें लोकार्पण झालें. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची मिळून ही एक दुर्बीण. १४ मध्यभागीं, उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या.

आतां ह्या तबकड्या चालवितो कोण? आकाशस्थ ज्योतीच्या मागोमाग तबकडी फिरली पाहिजे. म्हणजे मोटारी, दंतचक्रें आणि वंगण आलें, अर्थात् फिटर व वीजतंत्री आले. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. वारा तिच्यांतून निघून जातो खरा, पण तिची निगा माणसाच्या हातांनींच राखावी लागते. तबकडीनें टिपलेला संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतींत जातो. हा प्रांत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांचा. तेथें प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशीं ताडून पाहावयाचा. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५! (हें गणित शाळेंतलेंच; तें पोटापाण्याला उपयोगी पडतें असें सांगितलें तर मुलें हंसतात.) निरीक्षण चालूं असेतों हें काम अखंड चालावें लागतें, म्हणून संगणकांचा मोठा ताफा व तो संभाळणारीं माणसें हवींत. लिनक्स, सी, पायथन ह्यांचा खरा सराव असलेल्यास येथें वाव आहे. नुसत्या प्रमाणपत्रानें भागत नाहीं. आणखी एक मौज अशी कीं, विजेच्या तारेवर उडणारी ठिणगीसुद्धां ह्या दुर्बिणीच्या ऐकण्यांत व्यत्यय आणते. अशा ठिणग्या हुडकून काढणें हेंही एक काम होऊन बसलें आहे.

जागांची जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते. तींत केवळ ‘शास्त्रज्ञ’ हा शब्द शोधणारा निराश होतो. धंद्याचें नांव पाहावें, पदविकेची शाखा पाहावी, वयाची अट पाहावी, आणि जागा कायम कीं मुदतीची तें आधीं वाचावें. अर्जासोबत केवळ गुण न लिहितां आपण कोणतें यंत्र दुरुस्त केलें, कोणता प्रोग्रॅम लिहिला, तें नेमकें लिहावें.

मध्यस्थास मात्र एक पैही देऊं नये. माझ्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबानें ‘साहेबांची ओळख आहे’ म्हणणाऱ्या इसमाच्या हातीं कांद्याचे सारे पैसे ठेविले. नोकरी तर नाहींच, मुलाचें पुढील वर्षाचें शिक्षणही त्यांत बुडालें.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास खोडद येथें प्रदर्शन भरत आलें आहे. तेव्हां मुलांना घेऊन जावें, शास्त्रज्ञांचीं भाषणें ऐकावींत. आणि तबकडीच्या पायथ्याशीं एखादा फिटर भेटला तर तो येथवर कसा आला, हें मुलांना त्यालाच विचारूं द्यावें.